चाकणचे युवा उद्योजक

कासारवाडी
१९ जानेवारी २०२५

प्रिय भिमाआत्यास,
सप्रेम जय भीम.

“तुझं मशीन सगळं वाचतं म्हणतीस, मग माझा भूषण कुठं हाय ते त्याला ठाऊक असंल का?” गेल्या रविवारी मी निघाले तेव्हा दारात चप्पल घालताना तू हळूच विचारलंस. मी हसून काहीतरी बोलले आणि स्टेशनकडे आले. आत्या, खरं सांगते, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

फोनच केला असता. पण तुमची खोली एक आणि वर्षालीवहिनी शेजारीच असणार. तूच म्हणालीस, लिहून कळव, मला आता वाचता येतं. प्रौढांच्या वर्गाला गेल्यापासून तू दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालतेस, म्हणून मी अक्षर जरा मोठं काढते आहे.

माझं काम काय आहे ते घरात कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. पप्पा सगळ्यांना सांगतात, “पोरगी ग्रॅज्युएट झाली, कंप्यूटरमध्ये आहे,” जशी काही मी आत जाऊन बसते. चिंचवडच्या आमच्या ऑफिसात एक प्रोग्राम आहे. तो इंटरनेटवरची मराठी पानं वाचतो: बातम्या, जाहिराती, पत्रकं, फोटोवर छापलेली अक्षरंसुद्धा. वाचता वाचता माहिती वेचतो. अमुक माणूस, अमुक गावचा, अमुक काम करतो. एकच गोष्ट जितक्या जास्त पानांवर सापडेल, तितका त्याचा तिच्यावरचा भरवसा वाढतो. मग ती ओळ आमच्यापुढे येते. आम्ही ‘बरोबर’ नाहीतर ‘चूक’ दाबायचं. आम्ही ‘बरोबर’ म्हटलेलं तो लक्षात ठेवतो आणि पुढे कुणीही विचारलं की सांगतो.

मला हे काम मनापासून आवडतं. आपल्या वस्तीतल्या माणसांबद्दल आजवर कुणी काही लिहून ठेवलं नाही. निदान या नव्या शिकणाऱ्याला तरी आपण माहीत असावं असं वाटतं. पण जे कुणी लिहिलंच नाही, ते तो शिकणार कुठून? चार वर्षांपूर्वी चाकणच्या कंपनीनं ब्रेक देऊन घरी बसवलं आणि भूषणदादा “स्वतःचं वर्कशॉप टाकल्याशिवाय तोंड दाखवणार नाही” म्हणून बायकोला तुझ्याकडे ठेवून निघून गेला. ते कुठल्या पानावर असेल?

तरी मी बघते. मात्र वर्षालीवहिनीसाठी तळेगावचं जे स्थळ आलंय, त्यांना माझ्या उत्तरासाठी थांबवू नकोस.

तुझी,
मैत्री

•

देहूरोड
२७ जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
भिमाआत्याचा जय भीम.

तुजं पत्र मिळालं. सगळं वाचलं, एकटीनं. पोस्टमननं पाकीट दिलं तवा शेजारची अंबूबाई म्हणली, कोर्टाचं हाय का? म्या म्हणलं, भाचीचं हाय, ती मशीनला शाळा शिकवती. तर म्हणती कशी, शाळा शिकून त्या मशीनला तरी पर्मनंट करत्याल का?

मैत्री, तू म्हणतीस थांबवू नको. पण म्या थांबवलंय, महिनाभर. मुलगा चांगला हाय. विलास नाव. तळेगावातच कंपनीत हाय. पहिली बायको आजारानं गेली, पोरबाळ न्हाई. वर्षालीच्या भावानंच आणलंय स्थळ, त्याला लगीन होईस्तोवर ती तिकडं कासारवाडीला आपल्या घरी आणून ठेवायची घाई झालीया. वर्षाली पहाटं उठती, चाकणच्या बसला जाती, दिवसभर वायरी जोडती, येती, मला जेवाय वाढती. सत्तावीस वर्साची पोर. माज्यासारख्या म्हातारीबरुबर किती दिवस काढंल?

तिला म्या लेकीवाणी पाठवीन, त्यात मागं हटणार न्हाई. पर पाठवायच्या आधी एकडाव खात्री पायजे. उद्या भूषण दारात उभा ऱ्हायला न् म्हणला, आये, माजी बायको कुठं हाय, तर म्या काय सांगू? पोलिसांत चार साल कागुद पडून हाय. आता इचारायचं ऱ्हायलं ते तुज्या मशीनलाच. ते न्हाई म्हणलं तर म्या तळेगावला व्हय सांगते.

भिमाआत्या

•

कासारवाडी
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

खाली बस आणि मग वाच.

भूषणदादा सापडला. म्हणजे आमच्या प्रोग्रामला तो माहीत आहे. आज दुपारी मी पूर्ण नाव घालून विचारलं आणि ओळ समोर आली. जशी दिसली तशी उतरवते: ‘बुद्धभूषण खंडू साळवे. राहणार: चाकण. व्यवसाय: युवा उद्योजक.’

मधलं नाव खंडूमामांचं, तेही जुळतंय, आत्या. मी याआधीही मोबाइलवर खूप शोधलं होतं, तेव्हा काही मिळालं नव्हतं. पण आमचा प्रोग्राम लहानसहान पानांवरचे फोटोसुद्धा वाचतो. ओळीचा रंग हिरवा होता. हिरवा म्हणजे पुष्कळ पानांनी एकच गोष्ट सांगितली आहे, शंकेला जागा नाही. मूळ पानं उघडायची तर आमच्या प्राजक्ता मॅडमची परवानगी लागते आणि हिरव्या ओळीसाठी ती कुणी मागत नाही. मीही मागितली नाही. सरळ ‘बरोबर’ दाबलं.

त्यानं बोलल्याप्रमाणे केलं. वर्कशॉप टाकलं. इतके दिवस इतक्या जवळ होता आणि आपण त्याला मुंबई-सुरतेकडे समजत होतो. का आला नाही ते त्यालाच विचारू. आज मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या शिक्षणाचा घरातल्या कुणाला उपयोग झाला.

तुझी,
मैत्री

•

देहूरोड
१० फेब्रुवारी २०२५

चि. मैत्रीस,
जय भीम.

तुजं पत्र आलं त्याच दिवशी सांजच्याला वर्षालीला सांगितलं, तुजा नवरा चाकणला हाय, धंदा टाकलाय. ती भाकरी थापत व्हती. हात थांबला. मग पुन्यांदा थापाय लागली. म्हणली, चाकणला तर मी रोज जाते, आई. येवढंच.

तिच्या भावाला निरोप धाडला, नवरा हयात हाय, आता दुसरं बघायचं काय कारण न्हाई. तो रागानं आला व्हता. म्हणला, हयात हाय तर चार वर्सांत बायकोची याद आली न्हाई का? म्या त्याला चहा पाजून लावून दिला.

मैत्री, आजून काय लिव्हलंय गं त्याच्याबद्दल? ‘दिलदार’ असं काय लिव्हलंय का? आईला आपलं उगा वाटतं म्हणून इचारते.

भिमाआत्या

•

कासारवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

हो, अगदी तोच शब्द आहे! ओळीच्या खाली नमुन्याचं एक वाक्य दिसतं, त्यात ‘दिलदार व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलंय. तुला कसं कळलं? आईचं मन म्हणतात ते हेच असावं.

पत्ता मात्र मिळत नाही, नुसतं ‘चाकण’ आहे. भूषणदादाचा मित्र समाधान तिकडच्या गल्ल्या ओळखतो. त्याला सुट्टी मिळाली की त्याच्या गाडीवर आम्ही शोधायला जाणार आहोत. कशासाठी ते त्याला फोनवर सांगितलेलं नाही. नुसतं म्हटलं, काम आहे, ये.

तुझी,
मैत्री

•

कासारवाडी
३० मार्च २०२५

प्रिय आत्या,

सहा आठवडे तुझं पत्र नाही. मला वाटलं, भूषणदादा येणार म्हणून तू घर आवरण्यात गुंतली असशील. आज मी जे लिहिणार आहे ते वाचताना वर्षालीवहिनीला शेजारी बसवून घे. एकटीनं वाचू नकोस.

गेल्या रविवारी आम्ही चाकणला गेलो. फॅब्रिकेशनच्या दुकानांची एक लांबच लांब रांग आहे तिकडे, गेट आणि शेड बनवणाऱ्यांची. मी प्रत्येक दुकानात शिरून भूषणदादाचं नाव सांगत होते. कुणी मान हलवायचा, कुणी वेल्डिंगच्या चष्म्यातूनच बघायचा. एकजण म्हणाला, “ताई, उद्योजक इथं सगळेच आहेत, काम असलं तर बोला.” समाधान बाहेर गाडीवर बसून होता. त्याला वाटत होतं मी ऑफिसच्या कामासाठी कुणाला तरी शोधते आहे. रांग संपली तेव्हा चहाच्या टपरीवर त्यानं विचारलं, एवढं कुणाला शोधतेस. मी सांगितलं. हिरव्या ओळीचं सांगितलं, चाकणचे युवा उद्योजक, दिलदार व्यक्तिमत्त्व.

त्यानं ग्लास खाली ठेवला.

“मैत्री, ते मी लिहितो.”

मला कळेना. तो म्हणाला, “दरवर्षी भूषणच्या वाढदिवसाला मी माझ्या पेजवर फोटो टाकतो. काकूच, तुझी आत्या, सांगतात, टाक म्हणून. कुठं असला तर बघंल. तू ग्रॅज्युएट ना? वाढदिवसाच्या पोस्टीत जगात कुणी खरं लिहितं का?”

आत्या, आपल्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. ज्याला कुणी ओळखत नाही तो ‘युवकांचं आशास्थान’ असतो, ज्याच्याकडे सायकल नाही तो ‘उद्योजक’ असतो. वाचणारा प्रत्येकजण ते वाचून सोडून देतो. ते सोडून द्यायचं असतं हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. आमच्या प्रोग्रामला ते कुणी शिकवलं नाही. त्यानं ते दस्तऐवजासारखं वाचलं. आणि मी, इथेच वाढलेली, त्याच्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवला.

सोमवारी प्राजक्ता मॅडमना सगळं सांगून परवानगी घेतली आणि पानं उघडली. समाधाननं टाकलेला तोच फोटो, तोच मजकूर. आसपासच्या लहानमोठ्या पेजवाल्यांना रोज काहीतरी टाकायला लागतं, त्यांनी तो उचललेला. एकच वाक्य सगळीकडे पसरलेलं. प्रोग्रामला वाटलं, एवढे साक्षीदार. साक्षीदार एकच होता, आत्या. तू.

भूषणदादा चाकणला नाही. निदान आहे असं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही. तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, जानेवारीत माहीत नव्हतं तसंच.

तळेगावच्या विलासचं काय झालं ते मी वहिनीच्या भावाकडून ऐकलं. पंधरा दिवसांपूर्वीच त्याचं लग्न झालं. तू तर होकार द्यायला निघाली होतीस. माझ्या एका पत्रानं ते मोडलं. वहिनीसमोर कशी उभी राहू ते मला समजत नाही.

मैत्री

•

देहूरोड
१६ एप्रिल २०२५

चि. मैत्रीस,
जय भीम.

तुजं पत्र येऊन लई दिवस झालं. तू म्हणलीस तसं वर्षालीला बसवून वाचून दाखवलं. मग म्या तिला आजून एक सांगितलं, ते तुला बी सांगते.

तू लिवतीस तुज्यामुळं स्थळ गेलं. तुज्यामुळं न्हाई गेलं. पहिल्या साली समाधान म्हणला, काकू, फोटोखाली काय लिवू? म्या म्हणलं, उद्योजक लिव, त्याला ते व्हायाचं व्हतं. आन् दिलदार लिव, कारण पगार झाला की पोरांना वडापाव चारायचा, घरी येऊस्तोवर खिसा रिकामा. तुज्या पत्रात उद्योजक वाचलं आन् मला जरा शंका आली. म्हणून इचारलं, दिलदार हाय का. तू लिव्हलंस, व्हय. तवाच समजलं, मशीननं माजंच बोलणं मला माघारी सांगितलं.

तवा तळेगावला जाता आलं असतं. विलासचं आजून कुठं ठरलं न्हवतं. म्या गेले न्हाई. येक दिवस म्हणलं उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी बी तेच म्हणलं. मग त्याचं लगीन झाल्याचं कानावर आलं आन् मला हायसं वाटलं. हे लिवताना लाज वाटती, पर वाटलं ते वाटलं. वर्षाली गेली की या खोलीत भूषणची वाट बघणारं दुसरं कोण न्हाई. दोघी बघत असलो की वाटतं, येईल.

ती रडली न्हाई, भांडली न्हाई. म्हणली, “आई, तुम्ही मला ‘थांब’ म्हणाला असता तर मी थांबले असते. मला फसवून कशाला थांबवलंत?” दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन आली न् कपडे भरले. भाऊ आला व्हता न्यायला. जाताना पाया पडली.

परवा जयंतीला एकटीच व्हते. खाली मिरवणूक गेली, निळे झेंडे, पोरं नाचत व्हती. अंबूबाईनं खीर आणून दिली.

आता एक मागणं हाय. घरात म्या सगळं खरं सांगून टाकलं. आता कुणाला फसवायचं ऱ्हायलं न्हाई. पर तुज्या मशीनमधी भूषण हाय तसा ऱ्हाऊ दे. तिथं त्यानं दुकान टाकलंय. तिथं तो हाय. तेवढं खोडू नको, बाळा. कुणाचं काय नुकसान व्हतंय त्यात?

भिमाआत्या

•

कासारवाडी
२८ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र आठवडाभर माझ्या पर्समध्ये आहे. दोन वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि कागद फाडला. मला तुझा राग आलेला नाही हे आधी लिहिते. तुझ्या जागी मी असते तर तळेगावला गेले असते, असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येणार नाही.

त्या सोमवारी पानं बघितल्यावर मी लगेच ‘चूक’ दाबायला हवं होतं. मी दाबलं नाही. मला त्यापेक्षा बरं काहीतरी हवं होतं. प्राजक्ता मॅडमना म्हटलं, दोन बटणं पुरत नाहीत, तिसरं एक द्या, ‘माहीत नाही’. तिथे भूषणदादाला ठेवता आलं असतं. जिवंतही नाही, गेलेलाही नाही, आहे तसा हरवलेला. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी वरच्यांना विचारलं. मग मला बोलावून म्हणाल्या, “मैत्री, ज्याला माहीत नसतं त्याला लोक पुन्हा विचारायला येत नाहीत. ते बटण मिळणार नाही.”

तुझं पत्र आलं आणि मलाही वाटलं, राहू दे. हजारो ओळींत एक ओळ. एका आईला बरं वाटतंय, तर कुणाचं काय जातंय?

काल मी वर्षालीवहिनीला भेटायला गेले. आम्ही दोघी आता एकाच कासारवाडीत, चालत दहा मिनिटांवर, पण मला तिथे जायला इतके दिवस लागले. तिनं मला आत घेतलं, पोहे केले. वकिलानं सांगितलंय, सोडून गेल्याच्या कारणावरून फारकत मिळेल, वेळ लागेल. भावानं पुन्हा बोलणी सुरू केली होती. गेल्या आठवड्यात एका घरची माणसं बघून गेली. त्यांच्यातल्या एका मुलानं तिथेच बसून मोबाइलला वहिनीच्या नवऱ्याचं नाव घालून विचारलं. आमचा प्रोग्राम आता मोबाइलमधून उत्तरं देतो, आत्या. त्यानं सांगितलं, बुद्धभूषण खंडू साळवे हे चाकणचे युवा उद्योजक आहेत. ती माणसं चहा न घेता उठली. नवरा धडधाकट, धंदा चालू, आणि तुम्ही मुलीचं दुसरं लग्न लावताय? वहिनीचा भाऊ सांगत राहिला की ते खोटं आहे. त्यांनी मोबाइल त्याच्यापुढे धरला.

हे सगळं वहिनीनं पोहे परतता परतता सांगितलं. मला एका शब्दानं बोलली नाही. तुझ्याबद्दल विचारलं, गुडघा कसा आहे, गोळ्या वेळेवर घेतेस का.

तू विचारलंस, कुणाचं काय नुकसान होतंय. तिचं होतंय. जोवर ती ओळ आहे, तोवर वहिनी कुठल्याही घरात गेली तरी हे उत्तर तिच्या आधी तिथे पोचलेलं असेल.

आज सकाळी ऑफिसात गेल्यावर मी ती ओळ मागवली. हे लिहिते आहे ते तुझी परवानगी मागायला नाही, आत्या. झालेलं कळवते आहे. त्याच्याबद्दल प्रोग्रामला दुसरं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचा जन्म, त्याची शाळा, त्यानं चाकणला चार वर्षं काढलेल्या शिफ्ट, यांतलं काहीही कुणी कुठे लिहिलेलं नाही. एवढी एकच ओळ होती, आणि ती गेली की तो त्यात मुळी नव्हताच असं होणार, हे मला माहीत होतं. तुझं पत्र मांडीवर होतं. मी ‘चूक’ दाबलं. प्रोग्रामनं विचारलं, नक्की? मी पुन्हा दाबलं.

ओळ गेली. तिच्या जागी, तपासायला, दुसऱ्या कुणाचं तरी नाव आलं.

तुझी,
मैत्री